शेजारच्या आजींना मत नव्हतं

न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या घरी राहायला आलो त्याच संध्याकाळी शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून एक खोकं पुढे करत म्हणाले, "किया ओरा. ही कीवीफळं. आठवडाभर ठेवा, मग खा. आजच खाल्लीत तर माझ्या नावाने बोटं मोडाल." अर्थात 'बोटं मोडाल' हे माझं भाषांतर. ते जे काही म्हणाले त्याचा अर्थ तोच होता. 'किया ओरा' हा मात्र इथला माओरी नमस्कार.

त्यांच्या मागून त्यांची बायको आली. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा बॉब. तिने नवऱ्याच्या हातातलं खोकं तपासून दोन नरम फळं बाजूला काढली आणि मला म्हणाली, "ही आजची. तो कधीच नीट बघून देत नाही." माझ्या मुलीने पहिल्या महिन्यातच त्या दोघांना आजी-आजोबा करून टाकलं. मग आम्हीही त्यांना तेच म्हणायला लागलो.

आजोबा इथलेच. टौरंगापासून तासाभरावर त्यांच्या वडिलांचं गाईंचं फार्म होतं. पुढे गाई गेल्या, कीवीफळांचे वेल आले, आणि म्हातारपणी तेही विकून दोघं शहरातल्या या बैठ्या घरात राहायला आले. आजी मात्र इंग्लंडच्या. शिकलेल्या सुईण. तरुणपणी जग बघायला म्हणून निघाल्या, वाटेत न्यूझीलंडमध्ये एका हॉस्पिटलात काम धरलं, तिथल्या एका नाचाच्या कार्यक्रमात आजोबा भेटले आणि जग बघायचं राहून गेलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. बाबा जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. आई निवृत्त शिक्षिका. तिचं इंग्रजी वाचण्याचं, बोलण्याचं नव्हे. पण आजींना तिचं बोलणं कळायचं आणि तिला आजींचं. सकाळी मी नि नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेली की आई शाल गुंडाळून कुंपणापाशी उभी राहायची. फेजोआ पडायचे दिवस होते. आजींच्या झाडाखाली त्या हिरव्या फळांचा सडा असायचा. आईने पेरूसारखी समजून त्याची कोशिंबीर केली, मग गूळ घालून चटणी केली. आजोबांनी ती चटणी चीजबरोबर खाल्ली आणि बाटली परत करायला स्वतः आले, रिकामी.

आजींकडे स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असे. त्या थंडीत त्या रेडिओवर एकच विषय होता: ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं. ब्रिटनमध्ये लवकरच मतदान होणार होतं. न्यूझीलंडच्या बातम्यांत त्याचं एवढं काय, असं मला सुरुवातीला वाटलं. पण एका शनिवारी आजींनी आम्हाला दुपारच्या चहाला बोलावलं आणि स्कोन्सवर जॅम लावता लावता ते दोघं जे जुंपले, ते बघून माझी आई हातातला कप तसाच धरून बसली.

"पडावंच बाहेर," आजोबा म्हणाले. "गेलेच कशाला होते मुळात? आम्ही काय कमी लोणी दिलं होतं त्यांना?"

"झालं तुझं लोणी सुरू," आजी म्हणाल्या.

"लोणीच! लोणी आणि मटण. लढाईत उपाशी होते तेव्हा आमचं लोणी चाललं. मग फ्रेंचांचं गोड लागायला लागलं."

"आणि तुझी कीवीफळं वीस-पंचवीस वर्षं कुठे जात होती? बेल्जियमला. बोटी भरभरून. तेव्हा नाही म्हणालास की युरोपचा पैसा नको."

आजोबांनी आणखी एक स्कोन उचलला. मग मला म्हणाले, "हिला वादात हरवायचं नसतं. नुसतं बोलत राहायचं असतं."

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. त्यांनी चहाची किटली उचलली, ती रिकामी होती, तरी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. आणि मग माझ्या आईकडे वळून एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे नाही, आईकडे बघूनच.

त्या लग्न होऊन गाईंच्या त्या फार्मवर आल्या तेव्हा सासरे त्यांना फार जपायचे. सासऱ्यांनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, पण बोलताना इंग्लंडला 'होम' म्हणायचे. इथे तेव्हा सगळेच म्हणत. आपल्या घरात खरीखुरी इंग्लंडची मुलगी सून म्हणून आली याचं त्यांना कोण कौतुक. येईल-जाईल त्याला सांगायचे. गावच्या कारखान्यात त्यांच्या दुधाचं लोणी व्हायचं आणि ते लोणी बोटीने इंग्लंडला जायचं. मग इंग्लंड युरोपच्या त्या बाजारसंघात सामील झालं. तिकडच्या शेतकऱ्यांचं लोणी आधी, न्यूझीलंडचं दरवर्षी थोडं थोडं कमी, असं ठरलं. बातमी आली त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दहा-बारा माणसं होती. सासऱ्यांनी हातातला काटा ताटात ठेवला. मग सुनेकडे बघून म्हणाले, "तुझ्या माणसांनी आम्हाला विकलं."

"त्यानंतर त्यांनी मला टाकून बोलणं असं केलं नाही," आजी म्हणाल्या. "पण बोलणंच कमी केलं. माझ्या हातचा चहा घ्यायचे, थँक यू म्हणायचे. तेवढंच. ते गेले तोपर्यंत."

आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

घरी येताना आई कुंपणाच्या फाटकाशी थांबली आणि मला म्हणाली, "माहेरचं खापर सुनेच्या डोक्यावर. हे इथेही आहे म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "बिचारी. देशाचा देश हिच्या डोक्यावर फोडला."

या सगळ्यात गंमत अशी होती की आजींना मतच नव्हतं. पंधरा वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिलेल्या नागरिकाला त्या मतदानात मत देता येत नव्हतं, आणि आजींना तर इथे येऊन चाळीसवर वर्षं झाली होती. आजोबांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे शेजारच्या घरात जे रोज रणकंदन चालायचं, ते करणाऱ्या दोघांपैकी एकालाही तिकडे कोणी विचारणार नव्हतं.

आणि मत होतं ते कोणाला, तर माझ्या धाकट्या भावाला.

तो तेव्हा बर्मिंगहॅमला राहायचा, रेल्वेच्या पुलांचं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत होता. पासपोर्ट भारतीयच. पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या, भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथे मत देता येतं, त्यामुळे पुण्यात वाढलेला माझा भाऊ ब्रिटनने काय करावं ते ठरवणार होता. हे मला त्याच्याशी फोनवर बोलताना सहज कळलं, आणि मी ते सहज आजींना सांगितलं. कपडे वाळत घालता घालता, कुंपणावरून.

आजींनी हातातली उशीची खोळ दोनदा झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, चुकलंच माझं. जिथे त्या जन्मल्या तिथे त्यांना मत नाही आणि माझ्या भावाला आहे, हे ऐकून कोणालाही लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचं दार वाजवलं. लिपस्टिक लावली होती, चांगला कोट घातला होता, जसं काही बँकेत निघाल्यात. आत यायला तयार नव्हत्या. दारातच म्हणाल्या, "तुझ्या भावाने काय ठरवलंय?"

मी खरं ते सांगितलं. "बाहेर पडा म्हणून देणार म्हणतो."

"त्याच्याशी मला बोलता येईल का? त्याला चालणार असेल तरच. मी त्याला काही सांगणार नाही. म्हणजे, सांगणारच आहे. पण त्याचंही ऐकीन."

मी भावाला विचारलं. तो आधी हसला. "ताई, इथे दारावर पत्रकं टाकून जातात, ते कमी होतं का? आता न्यूझीलंडहून प्रचार?" पण आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "अरे, म्हातारं माणूस आहे. मत मागायला आलेल्याला पाणी द्यावं. मत आपलं आपण द्यावं." तो तयार झाला.

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. त्याच्याकडे शनिवारची रात्र होती, जेवून बसला होता. मागे त्याची बायको ये-जा करताना दिसत होती. आजींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. आई शेजारी बसली. मी चहाच्या निमित्ताने ओट्याशी उभी राहिले.

आजींनी एकदम विषयाला हात घातला. "माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये पुरलाय. वीस वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या लढाईत आजोबांचा एक भाऊ गेला, तोही तिकडेच. हे सगळं युनियन वगैरे सुरू झालं ते पुन्हा एकमेकांच्या मुलांना मारायचं नाही म्हणून. लोणी, मासे, केळी हे नंतर आलं. ते लोक विसरले. आणि माझी बहीण स्पेनमध्ये राहते. तिच्या छातीला इंग्लंडची हवा सोसत नाही. उद्या इंग्लंड बाहेर पडलं तर तिला तिथल्या दवाखान्यात उभं करतील की नाही, ते तिला माहीत नाही. मला माझ्या बहिणीची काळजी वाटते. हे दोन मुद्दे. आता तुझं सांग."

भाऊ थोडा गांगरला असावा. मग म्हणाला, "माझा एकच मुद्दा आहे. माझ्या ऑफिसात एक रोमानियाचा मुलगा आहे. चांगला आहे, माझा मित्र आहे. तो आला, महिन्याभरात त्याची आई येऊन राहिली. कोणी काही विचारलं नाही. माझ्या सासूबाई साताऱ्याला एकट्या आहेत. सासरे गेले. बायको एकुलती एक. त्यांना आम्ही इथे कायमचं आणू शकत नाही. नियमच तसे आहेत. दोनदा प्रयत्न केला. मी इथे दहा वर्षं पूल बांधतोय, टॅक्स भरतोय. माझ्यासाठी दार बंद आणि त्याच्यासाठी सताड उघडं. का? तर त्याचा देश जवळ आहे, युनियनमध्ये आहे म्हणून."

"हे चूक आहे," आजी म्हणाल्या. "तुमच्यासाठी दार उघडायला हवं."

"उघडतील असं तुम्हाला वाटतं?"

आजींनी चष्मा काढला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग निदान सगळ्यांना एकच नियम लावा. सगळ्यांना रांगेत उभं करा. मी उभा आहेच."

"पण त्याने तुझी सासू येणार नाही. फक्त त्याची आई जाईल."

पडद्यावर भाऊ मान खाली घालून बसला. त्याच्या मागे बायको येऊन थांबली होती, हातात धुतलेलं पातेलं घेऊन. तीच म्हणाली, इंग्रजीत, "मला ते माहीत आहे, आंटी. पण राग येतो ना."

"येणारच," आजी म्हणाल्या. "मलाही आला असता."

तेवढ्यात मागच्या दाराने आजोबा शिरले. त्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. आजींच्या खांद्यावरून वाकून लॅपटॉपला म्हणाले, "शाब्बास, पोरा! हिचं ऐकू नकोस. त्यांनी आमच्याशी जे केलं—"

"सर," भाऊ म्हणाला, "मी तुमच्या लोण्यासाठी मत देत नाहीये."

माझी आई इतकी जोरात हसली की तिला ठसका लागला. आजोबाही हसले. आजींनी त्यांना कोपराने ढकललं, पण हसत. त्यानंतर मुख्य मुद्दा बाजूलाच राहिला. भावाने आजींना विचारलं, तुमचं गाव कुठलं. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, तिथल्या स्टेशनाजवळच्या पुलाचं काम आम्हीच केलं. आजी म्हणाल्या, त्या पुलाखाली आम्ही मुली सिगरेट ओढायला जायचो. हे मी आईला मराठीत सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं.

उठताना आजी लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "तू तुला वाटेल तसं कर. पण नक्की जा. घरी बसू नकोस."

त्या गेल्यावर आईने पुन्हा फोन लावला आणि भावाला म्हणाली, "दे की रे त्यांच्या मनासारखं. तुला एका मताने काय फरक पडतो? त्यांना फार पडतो."

"आई," तो म्हणाला, "तू आणि बाबा आयुष्यभर एकत्र मतदानाला गेलात. तू कोणाला दिलंस ते बाबांना कधी सांगितलंस?"

आई म्हणाली, "नाही."

"त्यांनी विचारलं होतं?"

"दरवेळी."

मीही त्याला जरा वळवायचा प्रयत्न केला. मला स्वतःला आजींचं पटत होतं. तर तो मला म्हणाला, "ताई, खरं सांगू का? इथे इतकी वर्षं झाली. ऑफिसात या विषयावर सगळे चिडीचूप. कोणीही, एकदाही मला समोर बसवून विचारलं नाही, की तुझं मत काय आणि ते तसं का. विचारलं ते तुझ्या शेजारच्या बाईंनी. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून. त्यामुळे आता मी त्यांच्याशी खोटं वागू शकत नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मत दिलं तर ते खोटंच होईल."

मी फोन आईच्या हातात दिला.

मतमोजणीच्या दिवशी आमच्याकडे शुक्रवार होता. तिकडे रात्र आणि इकडे लख्ख दिवस. मी घरूनच काम करत होते. आई सकाळपासून आजींकडे जाऊन बसली होती. जेवण झाल्यावर मीही लॅपटॉप मिटून गेले. टीव्हीवर इंग्लंडचा नकाशा होता, एकेक गाव रंगत होतं. आजोबांनी टेबलावर लोण्याचा अख्खा ठोकळा काढून ठेवला होता, वरचा कागद सोलून. "विजय साजरा करायला," ते म्हणाले. आईने त्याच्याकडे बघून मला हळूच म्हटलं, "पाघळेल ते."

आजी विणत होत्या. प्रत्येक गावाचा निकाल आला की त्यांना ते गाव माहीत असायचं. इथे आमची मावशी होती. इथे मी ट्रेनिंग घेतलं. इथल्या लोकांचं काही खरं नाही. मग त्यांच्या स्वतःच्या गावाचा निकाल लागला. बाहेर. आणि चांगल्या फरकाने. आजींच्या सुया थांबल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गावाबद्दल काही सांगितलं नाही.

चहाची वेळ झाली तेव्हा निवेदकाने शेवटी सांगून टाकलं, की ब्रिटन बाहेर पडणार. आजोबांनी दोन्ही हात वर केले. खरंच केले, मॅच जिंकल्यासारखे. आणि मग त्यांचं बायकोकडे लक्ष गेलं.

त्या रडत नव्हत्या. विणकाम मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या, एखाद्या सरकारी ऑफिसात आपला नंबर येण्याची वाट बघत बसावं तशा. त्या म्हणाल्या, "गेले."

आजोबांनी हात खाली घेतले. मग टेबलावरचा लोण्याचा ठोकळा उचलला, कागदात गुंडाळला, फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिजचं दार लावून तिथेच, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "ते तुझ्यामुळे झालं नव्हतं. तेव्हा. मी बाबांना तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो," आजी म्हणाल्या. "सांगायला हवं होतंस."

आईने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. घरी येऊन तिने पीठ मळायला घेतलं, पोळ्यांची वेळ झाली नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. म्हणाला, मला आजींशी बोलायचंय. मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. तो म्हणाला, "मी बाहेर पडा म्हणूनच दिलं. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगतोय." आजी म्हणाल्या, "ठीक आहे. थँक यू." आणि फोन माझ्या हातात दिला. थँक यू. तेवढंच. पुढचा आठवडाभर त्या कुंपणापाशी आल्या नाहीत. कपडेही घरात वाळत घालत असाव्यात.

शेवटी आईच गेली. थालीपिठं केली होती, त्यातली चार गरम गरम घेऊन, वर बटर घालून, ताटावर ताट झाकून. तासाभराने आली. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. खाल्ली. तिखट लागलं, पाणी प्यायली, परत खाल्ली." मग म्हणाली, "मी तिला सांगितलं, माझा मुलगा माझंही ऐकत नाही. त्याचं तिला बरं वाटलं."

आई पुण्याला परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरात, आजींची स्पेनची बहीण त्यांच्याकडे राहायला आली. आजींहून बुटकी, बोलकी, छाती भरून आली की दम्याचा पंप ओढणारी, उन्हात रापलेली. आम्हा सगळ्यांना त्यांनी अंगणात बार्बेक्यूला बोलावलं. बोलता बोलता मी त्या बहिणीला म्हटलं, आता तिकडे तुमच्या दवाखान्याचं वगैरे कसं होणार? आजींना तुमची फार काळजी वाटत होती.

"होईल काहीतरी," ती म्हणाली. "स्पॅनिश लोक चांगले आहेत. मला नाही भीती. नाहीतर मी मत दिलंच नसतं ना बाहेर पडा म्हणून."

आजींच्या हातात सॅलडचा वाडगा होता. "कशासाठी मत दिलंस?"

बहिणीला स्पेनला जाऊन दहाच वर्षं झाली होती. तिला मत होतं. हे आजींना माहीत होतं. पण तिला विचारावं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"तू स्पेनमध्ये राहतेस!" आजी म्हणाल्या.

"मग? स्पेनमध्ये राहते म्हणून इंग्लंडचं मला काही कळत नाही? तू तर न्यूझीलंडमध्ये राहतेस आणि तुला सगळं कळतं."

आजोबा चिमटा हातात धरून सॉसेजवर वाकले होते. त्यांचे खांदे हलायला लागले. आजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते हलायचे थांबले. मग आजींनी वाडगा खाली ठेवला, खुर्चीत बसल्या, आणि म्हणाल्या, "एका परक्या मुलाला मी तुझ्या छातीची शपथ घातली." आणि स्वतःच हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही. बहिणीने स्वतःचा पंप त्यांच्यापुढे धरला, त्यावर सगळेच हसले.

दोन दिवस त्या बहिणी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत असं आजोबा सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी कामावरून येताना दोघी बीचकडे जाताना दिसल्या. पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, खांद्यावर टॉवेल, आणि चालता चालता हातवारे करून भांडत.

त्याच आठवड्यात आजींनी मला भावाला फोन लावायला सांगितला. त्यांना त्याला बहिणीची गोष्ट सांगायची होती. तो ऐकून खूप हसला. मग हसणं थांबलं आणि त्याने त्याच्याकडची गोष्ट सांगितली. त्याच्या शेजारी एक पोलंडचं कुटुंब होतं, त्यातल्या बाईंच्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा भावाने रात्री त्यांना गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं. ते लोक सामान बांधत होते. कोणी काढलं नव्हतं त्यांना. पण निकालानंतर त्यांच्या दारावर कोणीतरी रंगाने काहीबाही लिहून गेलं, आणि त्यांनी ठरवलं की बस झालं. भाऊ म्हणाला, "दार घासायला मी गेलो होतो. त्यांना माहीत नाही मी काय मत दिलंय ते. मला तेव्हा हे लोक डोळ्यांपुढे नव्हते. मला फक्त तो नियम दिसत होता."

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "निघाला का रंग दारावरचा?"

"निघाला."

"छान. त्यांच्याकडे जेवायला काही नेऊन दे. जाणाऱ्या माणसाकडे भांडी आधी बांधली जातात."

त्याने नेलं. पोहे नेले, असं भावजयीने सांगितलं.

ब्रिटन पुढे खरोखर बाहेर पडलं, त्याला त्यांना काही वर्षं लागली. भावाच्या सासूबाईंना कायमचं तिकडे नेता आलं नाही ते नाहीच. त्या दर उन्हाळ्यात व्हिजिटर म्हणून जातात आणि थंडी पडायच्या आत साताऱ्याला परत येतात. ब्रिटन आणि न्यूझीलंडचा नवा व्यापाराचा करार झाला, लोण्याचं दार तिकडे पुन्हा उघडायला लागलं, तेव्हा आजोबा हॉस्पिटलात होते. मी त्यांना ती बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता काय उपयोग? माझ्याकडे गाई कुठेत?" त्या हिवाळ्यात ते गेले. आजी एकट्याच राहतात, स्वतः गाडी चालवतात, आणि माझ्या मुलीला ती चालवायला शिकवायच्या गोष्टी करतात.

दर रविवारी सकाळी त्या आमच्याकडे येतात. लॅपटॉप लावतो. पुण्याहून आई असते, तिच्याकडे पहाट असते, पण ती तशीही लवकर उठते. भाऊ असतो. विषय काहीही निघतो. मागच्या रविवारी आजी आणि भाऊ स्कॉटलंडवर भांडत होते. स्कॉटलंडने आता ब्रिटनपासून वेगळं व्हावं का? भाऊ म्हणत होता, नको, एकत्र राहावं, तुटून कोणाचं भलं होत नाही. आजी म्हणत होत्या, जाऊ दे त्यांना, मी त्यांच्या जागी असते तर कधीच गेले असते. मी दोघांकडे बघत राहिले.

"अरे," आई पुण्याहून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडताय, पण त्या स्कॉटलंडला कोणी विचारलंय का?"

"विचारलं होतं, आई. मागेच. राहतो म्हणाले," भावाने सांगितलं.

"मग परत विचारा," आई म्हणाली. "माणसाचं मत बदलतं." आणि तिच्या गॅसवर दूध उतू जायला लागलं म्हणून ती उठून गेली.